शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कुठलं?

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण सगळेच वापरतो. पातेल्यातलं एक शीत चिमटीत दाबून भात शिजला की नाही ते आई सांगते, आणि सहसा ती चुकत नाही. कारण पातेल्यातला भात सगळीकडे साधारण सारखाच शिजत असतो. पण समजा, त्या पातेल्यात मधला भाग करपलेला आहे, कडेला कच्चा आहे आणि निम्मे तर खडेच आहेत, तर? मग एका शितावरून काय ठरवायचं? पोटात खोलवर असलेल्या गाठीचा तुकडा तपासताना डॉक्टरांपुढे नेमका हाच प्रश्न असतो.

दुर्बिणीतूनच सोनोग्राफी करत, सुईने गाठीचा तुकडा काढण्याच्या तपासणीबद्दल हा लेख आहे. तिचं नाव एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. डॉक्टर मंडळी नुसतं 'ईयूएस' म्हणतात. आपल्याच कॉलेजातून बी.एस्सी. करून मी बाहेर पडले आणि आता पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. सुईतून जे काही येतं ते आधी आमच्या टेबलावर येतं. रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक खिडकीशी उभे राहून कागद उलटसुलट करतात आणि विचारतात, "मॅडम, निगेटिव्ह लिवलंय, म्हणजे कॅन्सर नाही न्हवं?" रिपोर्ट इंग्रजीत, प्रश्न मराठीत नाहीतर कन्नडमध्ये. त्याचं उत्तर देणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण प्रश्न रास्त आहे. कारण 'काही सापडलं नाही' आणि 'सापडण्याइतकं काही आलंच नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि घाबरलेल्या माणसाला ती एकसारखीच ऐकू येतात. त्या दोन वाक्यांमधला फरक समजून घ्यायचा असेल तर सुईबरोबर आत जावं लागेल.

गाठ असते कुठे?

या तपासणीत सगळ्यात जास्त वेळा ज्या अवयवावर सुई जाते तो म्हणजे स्वादुपिंड, पॅनक्रिया. वीतभरापेक्षा थोडा लहान, आडवा, मऊ अवयव. तो जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून बसलेला असतो. पोटावरून सोनोग्राफी करायला जावं तर मधे चरबी येते, जठरातला आणि आतड्यातला गॅस येतो, आणि ध्वनिलहरी तिथेच अडखळतात. म्हणून डॉक्टरांनी उलटा रस्ता शोधला. तोंडातून दुर्बीण जठरात न्यायची आणि दुर्बिणीच्या टोकावरच सोनोग्राफीचं यंत्र बसवायचं. जठराच्या भिंतीला टेकलं की पलीकडे स्वादुपिंडाचा मधला भाग आणि शेपटी दिसते. आणखी पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला गेलं की स्वादुपिंडाचं डोकं दिसतं. मधे फक्त काही मिलिमीटर जाडीची भिंत.

आधीच्या बऱ्याच दुर्बिणी गोल चित्र दाखवायच्या. त्यात पाहणं छान व्हायचं, पण सुई घातली तर तिचा फक्त एक ठिपका दिसायचा. मग ज्यांचं चित्र दुर्बिणीच्या लांबीच्याच दिशेने पडतं अशा दुर्बिणी आल्या, आणि सुई मुळापासून टोकापर्यंत पडद्यावर दिसू लागली. डेन्मार्कमधल्या पीटर विलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली अशा दुर्बिणीतून स्वादुपिंडात सुई घालून नमुना काढल्याचं प्रसिद्ध केलं. तिथून ही तपासणी जगभर पसरली.

आता गाठीचा स्वभाव बघू. स्वादुपिंडाचा जो नेहमीचा कॅन्सर असतो, त्यात कॅन्सरच्या पेशी कमी आणि त्यांच्याभोवती तंतूंचं घट्ट जाळं जास्त, असा प्रकार असतो. गाठ चांगलीच टणक लागते. गाठ मोठी असेल तर मधला भाग रक्तपुरवठ्याअभावी मेलेला असतो. कडेने सूज असते. म्हणजे सुई गाठीत बरोबर गेली तरी तिच्यात नुसते तंतू येऊ शकतात, नुसता मेलेला चोथा येऊ शकतो किंवा नुसतं रक्त. नेम बरोबर, आणि हाती मात्र खडा.

नंबर वाढला की सुई बारीक

ईयूएसच्या सुया मुख्यतः तीन मापांत मिळतात: १९, २२ आणि २५ गेज. मोटार वाइंडिंग करणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही, की नंबर वाढला की तार बारीक होते. सुईचंही तसंच. १९ नंबरची सुई साधारण १ मिलिमीटरपेक्षा किंचित जाड, २२ ची सुमारे पाऊण मिलिमीटर आणि २५ ची सुमारे अर्धा मिलिमीटर.

पहिल्यांदा वाटतं, जाड सुईच घ्या की, तुकडा मोठा येईल. पण स्वादुपिंडाच्या डोक्याशी पोचताना दुर्बीण चांगलीच वळलेली असते. त्या वळणातून जाड, ताठ सुई पुढे सरकत नाही. जोर लावला तर दुर्बिणीची जागाच हलते. शिवाय जाड सुईने रक्त जास्त येतं. २५ नंबरची सुई वळणातून सुळकन जाते, टणक गाठीतही शिरते, पण तिच्यातून येतं ते थोडं. म्हणून सुई निवडताना 'गाठ कुठे आहे' आणि 'आपल्याला काय शोधायचंय' हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवावे लागतात. बहुतेक वेळा २२ किंवा २५ वर काम भागतं.

सुईचं टोकही महत्त्वाचं. साध्या सुईला तिरका काप असतो, आपल्या इंजेक्शनच्या सुईसारखा. तिच्यातून मुख्यतः सुट्या पेशी येतात. याला एफएनए म्हणतात. अलीकडच्या एफएनबी सुयांची टोकं वेगळी असतात. एकीला मुकुटासारखे तीन दात असतात, एकीला काट्यासारखं दुभंगलेलं टोक असतं. त्या पेशी नुसत्या खरवडत नाहीत, तर ऊतीचा बारीक धागा कापून आणतात. तीन दातांच्या टोकाला 'फ्रॅनसीन' म्हणतात. फ्रॅनसीन नावाच्या डॉक्टरांनी तशा सुईचं वर्णन १९४१ सालीच केलं होतं. दुर्बिणीतून ती वापरात यायला मात्र पाऊण शतक जावं लागलं.

सुट्या पेशी आणि धागा यांत फरक काय? आपण वाङ्मय मंडळाची माणसं, तेव्हा आपल्याच भाषेत सांगते. सुट्या पेशी म्हणजे पानातून गळून पडलेली सुटी अक्षरं. अक्षरांवरून लिपी ओळखता येते, काही शब्दही जुळवता येतात. धागा म्हणजे ओळी शाबूत असलेला पानाचा फाटका तुकडा. त्यावरून मजकूर कसा मांडलाय तेही कळतं. नेहमीचा कॅन्सर ओळखायला पुष्कळदा सुटी अक्षरं पुरतात. पण ऑटोइम्यून पॅनक्रियाटायटिस नावाचा एक आजार हुबेहूब कॅन्सरसारखी गाठ दाखवतो आणि बऱ्याचदा स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ओसरतो. तो ओळखायचा तर तंतूंची भोवऱ्यासारखी मांडणी दिसावी लागते. तिथे ओळीच हव्यात. एकाची मोठी शस्त्रक्रिया टळणार की नाही, हे कधीकधी त्या धाग्यावर ठरतं.

आत गेल्यावर हात काय करतो

सुई टोचण्याआधी रंगीत डॉप्लर लावून वाटेत रक्तवाहिनी नाही ना, हे बघतात. मग भिंतीतून सुई पार होते. सुईच्या पोकळीत एक बारीक तार असते, तिला स्टायलेट म्हणतात. वाटेतल्या जठराच्या भिंतीचा कण पोकळीत अडकू नये म्हणून ती. पण तारेने नमुना खरोखरच सुधारतो का, हे अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही, म्हणून ती ठेवायची की काढायची हे डॉक्टरवर सोडलेलं आहे.

सुई गाठीत पोचल्यावर ती पुढेमागे हलवतात. अशा हालचाली एका खेपेत साधारण दहा ते वीस होतात. सुई आत जाऊन, माल घेऊन बाहेर आली की एक 'पास' झाला. पण खरी गोम हालचालींच्या संख्येत नसून त्यांच्या दिशेत आहे.

मार्केट यार्डात धान्याचा व्यापारी पोतं कसं तपासतो ते आठवा. तोंडाशी दिसतोय तो तांदूळ बघून तो भाव करत नाही. हातातली टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसतो, मग बाजूला, मग तळाशी, आणि तळहातावर दाणे घेऊन बघतो. कारण चांगला माल वर आणि भेसळ आत, हे त्याला ठाऊक असतं. गाठीतही हेच करतात. एकाच रेषेत वीसदा सुई मारली तर दुसऱ्या वेळेपासून आपण त्याच बोगद्यातून जातो, आणि बोगद्यात रक्त साचत जातं. त्याऐवजी दुर्बिणीची चाकं किंचित फिरवून सुईची दिशा बदलतात. गाठीच्या चार वेगवेगळ्या भागांत थोड्याथोड्या हालचाली, पंख्याच्या पात्यांसारख्या. म्हणून या पद्धतीचं नाव 'फॅनिंग'. मेलेला मधला भाग टाळून कडेचा जिवंत भाग यात हाती लागतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५४ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. सरळ रेषेतल्या पद्धतीने पहिल्याच पासमध्ये निदान झालं ५७.७ टक्के रुग्णांत, आणि फॅनिंगने ८५.७ टक्के रुग्णांत. सुई तीच, गाठी तशाच. फरक पडला तो मनगटाचा.

ओढायचं किती?

सुईच्या मागच्या टोकाला सिरिंज लावून हवा ओढली की गाठीतला माल पोकळीत शिरतो. साधारणपणे १० मिलिलिटरची सिरिंज लावतात. जास्त ओढलं तर जास्त माल, हा हिशेब मात्र इथे बसत नाही. रक्तवाहिन्या भरपूर असलेल्या गाठीत जोराने ओढलं की सुईत रक्तच भरतं. रक्त गोठतं आणि चार पेशी त्या गुठळीत हरवून जातात. मायक्रोस्कोपखाली लालच लाल दिसतं, कामाचं काहीच नाही.

म्हणून दुसरी पद्धत आली, 'स्लो-पुल'. सिरिंज लावायचीच नाही. डॉक्टर सुई हलवत असताना मदतनीस आतली तार अगदी हळूहळू मागे ओढतो. तार सरकते तेवढीच पोकळी तयार होते आणि अगदी हलका ताण पडतो. रक्त कमी येतं.

तिसरी पद्धत 'वेट सक्शन'. यात सुई आधीच सलाइनने भरून घेतात. जुन्या हातपंपाला सुरुवातीला लोटाभर पाणी का घालतो आपण? कारण नुसती हवा ताणली जाते, पाणी ताणलं जात नाही. त्यामुळे पाणी असलं की ओढ थेट खालपर्यंत पोचते. सुईतलं सलाइनही तेच काम करतं. सुई बाहेर काढण्याआधी मात्र ओढ बंद करायची असते. नाहीतर परतीच्या वाटेवर जठराच्या भिंतीतल्या पेशी आत शिरतात, आणि आम्हाला लॅबमध्ये 'हे कुठलं?' असा प्रश्न पडतो.

या तिघींतली कुठलीही एक सगळ्यांसाठी सरस ठरलेली नाही. गाठ रक्ताळ आहे की टणक, सुई कुठली आहे, त्यावर हात बदलतो.

सुई बाहेर आल्यावर

इथून पुढची गोष्ट बाहेरच्या कुणाला फारशी ठाऊक नसते, पण चांगला आलेला नमुना इथेही वाया जाऊ शकतो. तार हळूहळू आत ढकलून माल बाहेर काढतात. काही थेंब काचेवर पसरून स्मिअर करतात. थर जाड झाला तर पेशी एकमेकींवर चढतात, काच जोरात दाबली तर चिरडतात. काही स्मिअर हवेत वाळवायचे, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायचे, कारण दोन्हींचे रंग वेगळे. उरलेला धागा फॉर्मॅलिनमध्ये. त्याचा पुढे मेणाचा ब्लॉक होतो आणि केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून ते रंगवले जातात.

काही ठिकाणी तपासणीच्या खोलीतच पॅथॉलॉजिस्ट किंवा सायटोलॉजीचा तंत्रज्ञ मायक्रोस्कोप घेऊन बसतो. 'पुरेसं आलंय, थांबा' किंवा 'नुसतं रक्त आहे, आणखी एक पास घ्या' असं तिथल्या तिथे सांगतो. याला 'रोझ' म्हणतात. पण प्रत्येक ठिकाणी असा माणूस मिळत नाही. तो नसेल तर युरोपातल्या एंडोस्कोपी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार साध्या सुईने तीन ते चार आणि एफएनबी सुईने दोन ते तीन पास घ्यावेत. शिवाय ८ देशांतल्या सुमारे ८०० रुग्णांचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. स्वादुपिंडाच्या गाठींत एफएनबी सुई वापरली तर रोझ असताना अचूकता ९६.४ टक्के आणि नसताना ९७.४ टक्के निघाली, म्हणजे व्यवहारात सारखीच. लहान गावातल्या केंद्रांना यातून मोठा दिलासा मिळाला.

माणूस नसला तरी डोळे असतातच. बाहेर आलेला माल डिशमध्ये पसरून लालसर रक्तातून पांढुरका धागा वेगळा दिसतो का, हे बघता येतं. जपानमधल्या अभ्यासकांनी १९ नंबरच्या सुईने काम करताना अशा धाग्याची लांबी ४ मिलिमीटर किंवा जास्त असली की निदानाची शक्यता वाढते, असं २०१५ साली दाखवलं. ४ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. पण तेवढ्यावर पुढचा सगळा उपचार उभा राहतो.

आणि आपल्याकडचा एक खास मुद्दा. आपल्या देशात टीबी सगळीकडे आहे. स्वादुपिंडाजवळच्या किंवा छातीतल्या लसिकाग्रंथी टीबीने सुजल्या की त्या कॅन्सरसारख्याच दिसू शकतात. टीबीचा जंतू वाढवून बघायचा असेल तर नमुन्याचा एक भाग सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर जंतू मरतात आणि कल्चर होतच नाही. सुई मारण्याआधीच 'आपण टीबीचाही विचार करतोय का?' हे ठरलेलं असावं लागतं. नाहीतर रुग्णाला पुन्हा उपाशी ठेवून, पुन्हा गुंगी देऊन तीच तपासणी करायची वेळ येते.

रिपोर्टातले शब्द

आता खिडकीशी उभ्या असलेल्या त्या माणसाकडे येऊ. रिपोर्टात साधारणपणे असे शब्द असतात. 'नॉन-डायग्नॉस्टिक' किंवा 'इनॲडिक्वेट' म्हणजे आलेल्या मालावर मत देता येत नाही. भात शिजला की नाही, हे सांगायला शीतच मिळालं नाही. 'निगेटिव्ह' म्हणजे पुरेशा पेशी आल्या आणि त्यांत कॅन्सर दिसला नाही. 'ॲटिपिकल' म्हणजे पेशी सरळ दिसत नाहीत, पण बोट ठेवून सांगता येत नाही. 'सस्पिशस' म्हणजे संशय दाट. 'पॉझिटिव्ह' म्हणजे कॅन्सर आहे.

यातला 'पॉझिटिव्ह' फार पक्का असतो. स्वादुपिंडाच्या टणक गाठींवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात ज्यांना कॅन्सर नव्हता अशा १०० पैकी ९८ जणांत तपासणीने चुकीचा ठपका ठेवला नव्हता. पण ज्यांना कॅन्सर होता अशा १०० पैकी ८५ जणांतच तो सापडला होता. म्हणजे पंधरा जणांना कॅन्सर असूनही साध्या सुईत तो आला नाही. नव्या सुयांनी हे अंतर कमी केलंय, पण मिटवलेलं नाही. म्हणून स्कॅनमध्ये गाठ संशयास्पद असेल, वजन उतरत असेल, कावीळ वाढत असेल आणि रिपोर्ट निगेटिव्ह असेल, तर डॉक्टर पुन्हा सुई घालायला सांगतात. यात त्यांचा पैशावर डोळा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. शीत मिळालं, पण ते भाताचं होतं का याची खात्री नाही.

उलटही एक गोष्ट आहे. गाठ काढता येण्यासारखी असेल आणि स्कॅनचं चित्र स्पष्ट असेल, तर तुकडा न काढताच शस्त्रक्रिया करतात. पण केमो सुरू करायची असेल तर पुरावा हातात लागतोच. हल्ली त्याच तुकड्यावर जनुकांच्या तपासण्याही करतात, आणि त्यांवरून काही रुग्णांसाठी वेगळं औषध निवडता येतं. त्याला तर आणखी माल लागतो.

धोका किती? रक्तस्राव, स्वादुपिंडाची सूज, जंतुसंसर्ग असे त्रास होऊ शकतात, पण मोठ्या आकडेवारीत ते साधारण शंभरात एकाला होतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायलाच हवं, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

घरात कुणाची ही तपासणी व्हायची असेल तर सुईचा नंबर विचारत बसू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या. पण तीन गोष्टी जरूर विचारा. नमुना पुरेसा आला का? तो कशाकशासाठी पाठवलाय, टीबीचं बघणार आहात का? आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' आहे की 'इनॲडिक्वेट'? रिपोर्टाबरोबर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक कुठे आहेत तेही लिहून ठेवा. इथून मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या मतासाठी जाणारी माणसं ते सोबत नेतात, आणि त्यामुळे कधीकधी दुसऱ्यांदा टोचणं वाचतं.

मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, रोग ओळखणं. दुसरा, किमान, कमीत कमी. पहिलं निदान डॉक्टरांनी करायचं. दुसरं आपल्या हातात आहे. समोर कागद आला की घाईने सुटकेचा निःश्वास टाकण्याआधी किंवा रडण्याआधी, निदान एवढं तरी विचारावं, की शीत भाताचंच होतं ना?